‘पोरं पळवणारी टोळी आलीय’ : या मेसेजांनी आपल्या कोल्हापुरात काय काय बदलतंय?

फुलेवाडीची_बाई

मी फुलेवाडी भागातल्या एका शाळेत शिकवते. गेल्या आठवड्यात पालकांच्या ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज आला. बाईचा घाबरलेला आवाज, बोली आपल्याकडचीच. “पोरं पळवणारी टोळी आलीया, साताठ जण हाईत, साधूच्या वेशात फिरायलेत, पोलिसांनीच सांगितलंय, पोरास्नी एकटं सोडू नका.” कुठल्या भागात, कोणत्या तारखेला, कुठल्या पोलीस ठाण्याने सांगितलं, यातलं काहीच त्यात नव्हतं. संध्याकाळपर्यंत तो मेसेज प्रत्येक पालकाच्या फोनवर होता.

दुसऱ्या दिवसापासून काय झालं ते सांगते. चौथी-पाचवीची जी मुलं घोळक्याने चालत यायची, ती रिक्षात कोंबून यायला लागली. मुलींचा शाळा सुटल्यानंतरचा खो-खोचा सराव बंद पडला. मुलांचा मात्र चालू आहे. आणि दरवर्षी सुगीनंतर आमच्या भागात नंदीबैल घेऊन एक कुटुंब येतं, त्यातल्या माणसाला कॉलनीच्या तोंडाशी अडवून आधार कार्ड मागितलं गेलं. हात कुणी लावला नाही. पण त्याचा फोटो काढून ‘हाच असू शकतो’ असं लिहून टाकला आणि तो फोटो आता कुठे कुठे फिरतोय हे कुणालाच ठाऊक नाही.

हे किती पुढे जाऊ शकतं ते आपण महाराष्ट्रात पाहिलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातली. गावकऱ्यांच्या फोनवर आधीपासून असेच मेसेज फिरत होते. आणि हे लांबचं वाटत असेल तर आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं, जत तालुक्यातलं लवंगा गाव घ्या. सप्टेंबर २०२२. उत्तर प्रदेशातले चार साधू पंढरपूरला निघाले होते. एका मुलाला रस्ता विचारला, एवढंच. लोकांनी गाडीतून ओढून पट्ट्यांनी, काठ्यांनी मारलं.

२०१८ साली देशभर एक व्हिडिओ फिरत होता, आठवतो का? मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणारं पोरगं उचलून पळतात. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी काढलेला जाहिरातपट होता. शेवटी ते दोघे परत येऊन मुलाला सोडतात आणि हातात फलक धरतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला आणि उरलेला तुकडा आपल्याकडे ‘काल इथे घडलं’ म्हणून आला. त्यावर विश्वास ठेवून माणसं मेली.

आता दुसरी बाजूही मांडते, कारण ती कोल्हापूरकराला चुकवता येत नाही. आपल्या गावात ही भीती हवेतून आलेली नाही. गावित मायलेकींचं प्रकरण १९९६ मध्ये उघड झालं. गर्दीत चोऱ्या करताना आडोसा म्हणून मुलं पळवायची आणि नकोशी झाली की मारून टाकायची. २००१ मध्ये इथल्याच सत्र न्यायालयाने त्यातल्या दोन्ही लेकींना फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि दयेच्या अर्जाला झालेल्या दिरंगाईमुळे जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. त्या काळात ज्या आया अंबाबाईच्या देवळात पोराचं मनगट सोडत नव्हत्या, त्या आज आज्या झाल्यात. त्यांच्या फोनवर हा मेसेज येतो तेव्हा त्या वेड्या म्हणून घाबरत नाहीत. त्यांनी खरं पाहिलेलं आहे.

म्हणूनच मला हा विषय ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ एवढ्या एका ओळीत संपवायचा नाही. ती ओळ पोलीसही टाकतात, आम्हीही फळ्यावर लिहितो आणि काही फरक पडत नाही. मला विचारायचंय ते हे : फोनवर येणाऱ्या या बातम्यांमुळे तुमच्या घरात, गल्लीत, रोजच्या वागण्यात नेमकं काय बदललं? आणि त्याची किंमत कोण देतंय?


पेठेतला_गडी

बाई, तुमचं म्हणणं कळालं, पण जरा एका अंगाला झुकलंय. मी मंगळवार पेठेतला. आमच्या गल्लीतनं दारात लावलेली गाडी गेली. तक्रार दिली, “बघतो” म्हणाले. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं फुटेज तालमीच्या ग्रुपवर टाकलं. ते या पेठेतनं त्या पेठेत गेलं, आणि दुपारच्याला एकानं फोन केला की असली गाडी आमच्या इथं बोळात उभी हाय. गाडी मिळाली. आता ह्यो ग्रुप नसता तर?

माझं सरळ म्हणणं हाय. मेसेज खोटा निघाला तर निघाला. आठ दिवस पोरं रिक्षातनं गेली तर काय आभाळ कोसळत न्हाई. पण खरा असला आणि आपण गप बसलो तर आयुष्यभर तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाई. सावध राहिलं तर कुणाचं काय जातंय?


कागलची_लेक

दादा, कुणाचं काय जातंय ते सांगते. माझी कामावरची दुसरी पाळी गेली.

मी एमआयडीसीत कामाला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या डॉक्टर मुलीची बातमी आली, पाठोपाठ बदलापूर. त्या पंधरवड्यात आमच्या घरी सगळ्यांच्या फोनवर दुसरं काही नव्हतंच. आई रात्री झोपायची नाही. बाबांनी सांगितलं, फक्त सकाळची पाळी करायची, नाहीतर घरी बस. दुसऱ्या पाळीला कंपनीची बस होती, ती दारापासून चार पावलांवर सोडायची. सोबत गावातल्या आणखी तिघी होत्या. त्या बसमध्ये मला कधी काही झालं नाही. पाळी गेली तसा भत्ता गेला, आणि जी सुपरवायझरची जागा मला मिळायची होती ती तिन्ही पाळ्या करणाऱ्याला मिळाली.

आणि जे खरंच झालं होतं ते भरदिवसा, एसटीत. माणूस आमच्याच वाडीतला, घरी चहाला येणारा. ते मी सांगितलं तेव्हा घरातून उत्तर आलं, “कुठं बोलू नको.” त्याचा मेसेज कुठल्या ग्रुपवर फिरला नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं एकच सांगतात. बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी बाईच्या ओळखीतले असतात. नातेवाईक, शेजारी, मित्र, लग्नाचं आमिष दाखवणारे. फोनवर जी बातमी येते त्यात मात्र नेहमी अंधारा रस्ता आणि अनोळखी माणूस. मग आमचे रस्ते बंद होतात आणि घरात येणारा माणूस तसाच येत राहतो.

पण एक गोष्ट मान्य करते. त्याच बातम्यांमुळे आमच्या कंपनीने गेटबाहेर दिवे लावले आणि तक्रार समितीत कोण आहे त्याची पाटी लागली. आम्ही बायका ते आधीपासून मागत होतो. म्हणून बातम्या नकोत असं मी म्हणणार नाही. बातमी आली की पहिलं कुलूप पोरीला का, एवढंच विचारतेय.


फुलेवाडीची_बाई

हे तू लिहिलंस त्याबद्दल तुझे आभार मानते. खो-खोच्या मुलींचं मी याच कारणाने लिहिलं होतं. त्यातल्या एकीची जिल्हा संघात निवड होण्यासारखी आहे.


निवृत्त_हवालदार

मी जिल्हा पोलीस दलातून निवृत्त झालोय, म्हणून मुलं बेपत्ता होण्याबद्दल थोडं सांगतो. ‘महाराष्ट्रातून इतकी हजार मुलं गायब’ अशी बातमी आपण वाचतो आणि डोळ्यांसमोर टोळी उभी राहते. तो आकडा कसा तयार होतो ते माहीत असलं पाहिजे.

मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या खटल्यात आदेश दिला की अठरा वर्षांखालचं मूल बेपत्ता झाल्याची खबर आली की गुन्हा नोंदवायचाच, आणि अपहरण किंवा तस्करी असावी असं धरूनच तपास सुरू करायचा. फार चांगला आदेश. त्याआधी ‘हरवला’ म्हणून नोंद व्हायची आणि तपास लटकायचा. पण त्यामुळे झालं असं की बापाने मारलं म्हणून घर सोडलेला, नापास होऊन मामाच्या गावाला गेलेला, प्रेमप्रकरणातून निघून गेलेली सतरा वर्षांची मुलगी, हे सगळे कागदावर ‘अपहरण’ म्हणूनच येतात. यातली पुष्कळ मुलं सापडतात किंवा आपणहून परत येतात. ‘ऑपरेशन मुस्कान’सारख्या मोहिमाही त्यासाठीच काढल्या जातात. सापडल्याची बातमी आतल्या पानावर दोन ओळींची असते आणि रीलवर तर येतच नाही.

याचा अर्थ मुलं पळवली जात नाहीत असा कृपा करून घेऊ नका. जातात. पण सात-आठ जण साधूच्या वेशात गावोगाव फिरतात आणि पोलिसांना माहीत असूनही ते गुपचूप व्हॉइस मेसेजने कळवतात, असं काम चालत नाही. खरोखर धोका असेल तर ठाण्याच्या नावानिशी निवेदन निघतं, शाळांना पत्र जातं, बीट अंमलदार येऊन मुख्याध्यापकांना भेटतो.

पेठेतल्या भावाला एक सांगतो. गाडीच्या फुटेजचं तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत. त्यात जागा होती, वेळ होती, गाडी नंबर होता. व्हॉइस मेसेजमध्ये यातलं काय होतं?

आणि अडवाअडवीबद्दल. संशय आला तर ११२ ला फोन करा. अडवून ठेवायचं, कागद मागायचे, झडती घ्यायची, हा अधिकार गल्लीला नाही. जमाव जमला की त्याचा म्होरक्या कुणीच नसतो. बंदोबस्तातल्या माणसाला विचारा, सगळ्यात अवघड गोष्ट तीच. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुंडीच्या मारहाणीबद्दल प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा अधिकारी खास नेमायला सांगितलं. नव्या भारतीय न्याय संहितेत तर पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून जीव घेतला तर प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी आहे. ‘मी फक्त व्हिडिओ काढत होतो’ म्हणणाऱ्यालाही कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.


राजारामपुरी_नववी_गल्ली

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. फीड कसं चालतं ते थोडक्यात मांडतो.

तुम्ही लाइक करता की नाही याहून तुम्ही कुठे किती वेळ थांबलात याला जास्त किंमत असते. अपघाताचा किंवा मारामारीचा सीसीटीव्ही व्हिडिओ लागला की बोट थांबतंच, तो माणसाचा स्वभावच आहे. मग तसलेच आणखी दहा येतात. त्यातला एक बिहारचा, एक ब्राझीलचा, एक चार वर्षांपूर्वीचा. वर मराठीत ‘थरार सीसीटीव्हीत कैद’ असं लिहिलेलं असतं, गावाचं नाव नसतं. पाहणारा नकळत आपलंच गाव धरतो. गावाच्या नावाने चालणारी कितीतरी पेजेस हेच करतात, कारण व्ह्यूज मिळाले तर जाहिराती मिळतात. खाली चाळिसाव्या प्रतिक्रियेत कुणीतरी लिहितं की हा व्हिडिओ राजस्थानचा आहे, पण तिथपर्यंत पोचतं कोण?

ही गोष्ट मोबाईलच्याही आधीची आहे. अमेरिकेत जॉर्ज गर्बनर यांनी १९७० च्या दशकात टीव्हीबद्दल मांडलं होतं की जे जास्त टीव्ही बघतात त्यांना जग आहे त्याहून जास्त क्रूर वाटतं आणि स्वतःवर हल्ला होण्याची शक्यता ते वाढवून सांगतात. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात २००६ ते २०१७ मधल्या ट्विटरवरच्या बातम्यांचा अभ्यास आला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली. यंत्रं नव्हे, माणसंच ती पाठवत होती, कारण ती नवीन आणि धक्कादायक वाटते.

२०१८ च्या त्या मारहाणींनंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो आणि त्यावर दोन बाण दिसतात. पण कुणी ती व्हॉइस फाइल डाउनलोड करून नव्याने टाकली की बाण जातात. आवाज ताजा वाटतो. बाईंच्या ग्रुपवर बाण होते का?


फुलेवाडीची_बाई

नव्हते. म्हणूनच बऱ्याच जणींना वाटलं की आपल्याच कुणीतरी रेकॉर्ड केलंय.


कसबा_बावडा

मला पुराबद्दल सांगायचंय, कारण फोनमुळे जीव वाचलेलेही आम्हीच पाहिलेत.

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै. दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. इशाऱ्याची पातळी ३९, धोक्याची ४३, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्या दिवसांत आमच्या ग्रुपवर दोन तऱ्हेचे मेसेज येत होते. एक : ‘राजाराम बंधारा, सकाळी सात, पाणी इतके फूट इतके इंच’. किंवा ‘आंबेवाडीत अमुक घराच्या माडीवर चार माणसं, एक म्हातारी, बोट पाहिजे’ आणि खाली नंबर. या मेसेजवर माणसं निघाली, बोटी गेल्या, जनावरं सोडवली.

दुसरे : ‘राधानगरी फुटलं, पळा’. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात आणि एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी येतं. ते धरण सुरक्षित राहावं म्हणूनच उघडतात. पण ‘दरवाजा उघडला’चं दोन फोनांत ‘दरवाजा तुटला’ होतं आणि तिसऱ्या फोनात ‘धरण फुटलं’. रात्री म्हाताऱ्या माणसांना पाठीवर घेऊन लोक बाहेर पडले. त्या अंधारात, त्या पाण्यात घसरून कुणी गेलं असतं तर ते अफवेने मेलं असतं, पुराने नाही.

त्या पुरापासून आमच्या गल्लीचा नियम आहे. मेसेजमध्ये जागा, वेळ आणि सांगणाऱ्याचा नंबर नसेल तर तो पुढे जात नाही. यासाठी कुणी तज्ज्ञ लागत नाही. पाण्याच्या बाबतीत लोक हे बिनबोभाट पाळतात. माणसांच्या बाबतीत का पाळत नाहीत, हे मला उमगत नाही.


बिंदू_चौकाजवळ

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. आमचं छोटं दुकान आहे. नाव सांगत नाही, समजून घ्या.

७ जून २०२३ सगळ्यांना आठवत असेल. काही पोरांनी मोबाईलला औरंगजेब-टिपूबद्दल जे स्टेटस ठेवलं ते चूकच होतं, आमच्या मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांनीही तेच सांगितलं. पण स्टेटस बघणारे असून असून किती असतात? त्याचे स्क्रीनशॉट गावभर गेले, बंदची हाक फोनवरून गेली, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, अश्रुधुराची नळकांडी फुटली. मग इंटरनेट बंद झालं. लोकांना वाटतं नेट बंद झालं की अफवा थांबते. आम्ही शटर ओढून आत बसलो होतो. कुठे काय जळतंय, कुणाचं पोरगं कुठे अडकलंय, हे फक्त फोन करून ऐकत होतो आणि प्रत्येक फोनमध्ये गोष्ट वेगळी. खरं काय ते तपासायलाही काही नव्हतं.

पुढच्या वर्षी १४ जुलैला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरं फोडली, मशिदीची नासधूस झाली. ते व्हिडिओ माझ्या धाकट्या मुलाने पाहिले. तो मोहरमला तालमीतल्या पंजांच्या मिरवणुकीत नाचणारा पोरगा. ज्या तालमीत पंजे बसतात तिथे सेवा करणारी बहुतेक पोरं हिंदू आहेत, हे या गावात नवीन नाही. पण त्यानंतर तो मला विचारायला लागला, “अब्बा, तालमीत जाऊ का?” जा म्हटलं. गेला. काही झालं नाही, त्याच्या मित्रांनी नेहमीसारखं गळ्यात हात टाकला. पण हा प्रश्न त्याच्या तोंडी आला कसा, याचा विचार मी अजून करतो.

इथे सगळे म्हणतायत, अनोळखी माणसाची भीती. आमची भीती वेगळी आहे. आम्हाला ओळखीच्या माणसाच्या फोनची भीती वाटते. काल चहा प्यायलेला माणूस आज ग्रुपवर काय वाचून दुकानासमोर येईल, ही. मी रोज रात्री पोराचं स्टेटस तपासतो. क्रिकेटचं असलं तरी दोनदा वाचतो.


फुलेवाडीची_बाई

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे. मुलाला तालमीत पाठवत राहा, एवढंच म्हणते. ६ मे २०२२ ला शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला अख्खं गाव शंभर सेकंद रस्त्यात उभं राहिलं होतं, तो निरोपही याच फोनांवरून पोचला होता. माझी मुलं शाळेच्या मैदानात उभी होती. त्या गर्दीत कुणी कुणाला घाबरलं नव्हतं.

पेठेतल्या दादांच्या ‘कुणाचं काय जातंय’चं उत्तर आता इथे तीन-चार जणांनी दिलंय. माझं फक्त एवढंच की सावधपणा आणि संशय यांत फरक करूया. मुलाला आईबापाचा नंबर पाठ असणं, कुणाच्या गाडीत बसायचं नाही हे ठाऊक असणं, नको असलेला स्पर्श घरी सांगता येणं, मग तो काकाचा का असेना, हा सावधपणा. तो बारा महिने लागतो. मेसेज आला की आठ दिवस उकळायचं आणि नंदीबैलवाल्याला अडवायचं, याने मूल जराही सुरक्षित होत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आमच्या किती पालकांच्या फोनमध्ये आहे ते मी वर्गात विचारलं. हात मोजकेच वर आले.


रात्रपाळीची_सिस्टर

मी एका मोठ्या दवाखान्यात अपघात विभागात काम करते. घाबरायचंच असेल तर कशाला घाबरावं ते मला रोज दिसतं. विनाहेल्मेट पोरं. ऊसाच्या बिनदिव्याच्या ट्रॉलीला मागून धडकलेली. २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजारांवर माणसं रस्त्यावर गेली, त्यातली १५ हजारांवर आपल्या राज्यातली. ज्या घरात टोळीच्या मेसेजने झोप उडते त्याच घरातला सोळा वर्षांचा मुलगा तिब्बलसीट महामार्गावर असतो आणि त्याच्या हातात किल्ली बापानेच दिलेली असते. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या खाटा भरतात. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर लावा, हा मेसेज कुणी फिरवत नाही, फिरवला तर पुढे जात नाही.


ताराबाई_पार्क_ज्येष्ठ

आमच्या वयाच्या लोकांचंही लिहून ठेवतो. मुलं पुण्या-बंगळुरात, घरात आम्ही दोघंच. ‘एकट्या वृद्धांना गाठून लूट’ असे व्हिडिओ बघून बघून आमच्या अपार्टमेंटमधल्या कितीतरी जणांनी संध्याकाळचं रंकाळ्याला जाणं सोडलं. दाराला दोन जाळ्या बसवल्या. कुरिअरवाल्याला खालूनच परत पाठवतात.

आणि माझ्या एका स्नेह्याची आयुष्यभराची पुंजी गेली ती बंद दाराआड, व्हिडिओ कॉलवर. समोर गणवेशातला माणूस, “तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, खोलीबाहेर जायचं नाही, कुणाला सांगायचं नाही.” बायको शेजारच्या खोलीत होती, तिलाही सांगितलं नाही. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात कुठेही नाही. कुठलाही पोलीस, सीबीआय, न्यायालय व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि पैसे मागत नाही. असं झालं तर लगेच १९३० ला फोन करायचा. जितक्या लवकर कराल तितके पैसे वाटेत गोठवता येण्याची शक्यता जास्त.

मला वाटतं ते असं. सतत भीतीच्या बातम्या बघून माणूस आधीच अर्धा घाबरलेला असतो. भामट्याला उरलेलं अर्धंच काम करावं लागतं. आणि भीतीने माणसांत जाणं सोडलेलं असलं की अशा वेळी “अहो, मला असा फोन आलाय” असं सांगायला रंकाळ्याच्या कट्ट्यावर मित्रही उरत नाही.


पेठेतला_गडी

सगळं वाचलं. काकांचं शेवटचं लई पटलं. आमच्या तालमीत म्हातारी माणसं संध्याकाळी येऊन बसत्यात, त्यास्नी ह्ये १९३० चं सांगतो उद्याच.

पण माझं अजून एक हाय. फुटेज मी टाकणारच. चोरी झाली, कुणी बायाबापड्यांच्या गळ्यातलं ओढलं, तर गल्लीला कळायला पायजे. बावडेकरांचा नियम घेतो, जागा-वेळ-नंबर घालून टाकीन. तेवढ्याबिगर येणारं पुढं जाणार न्हाई, आमच्या ग्रुपपुरतं मी बघतो. पण “पोलिसांना कळवा आणि गप बसा” म्हणाल तर ते जमणार न्हाई. कळवून बसलेली लई माणसं बघितल्यात. पोलिसांनी वेळेत उत्तर दिलं तर लोक व्हॉइस मेसेजकडं जाणारच न्हाईत. ही बाजू हवालदारसाहेबांनी पण धरावी.


निवृत्त_हवालदार

धरतो. तुमचं म्हणणं खरं आहे. अफवा सकाळी सुटते आणि खुलासा संध्याकाळी येतो, तोही कागदाचा फोटो काढून, बारीक अक्षरात. आवाजातल्या अफवेला आवाजातच उत्तर पाहिजे. त्या ठाण्याच्या निरीक्षकाने स्वतःच्या तोंडाने, आपल्या बोलीत, तारीख सांगून अर्ध्या मिनिटाचा मेसेज टाकला तर तो तेवढ्याच वेगाने फिरेल. मी नोकरीत असताना हे सुचवलं होतं, आताही मोहल्ला समितीच्या बैठकीत बोलेन.


उचगावची_ताई

मी आमच्या शाळेच्या पालक ग्रुपची ॲडमिन आहे. दोन प्रश्न आहेत. कुणी भलतंसलतं टाकलं तर केस माझ्यावर होते का? आणि दुसरं जास्त महत्त्वाचं. मध्ये एक मुलगी हरवल्याचा मेसेज आम्ही सगळ्यांनी पाठवला होता, फोटो, नाव, शाळा, वडिलांचा नंबर सगळं घालून. मुलगी दुसऱ्याच दिवशी सापडली. फोटो अजून फिरतोय. तिच्या वडिलांना अजून फोन येतात आणि वर्गातल्या मुली तिला ‘व्हायरल’ म्हणून चिडवतात.


निवृत्त_हवालदार

ताई, पहिलं सोपं आहे. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलंय की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार धरता येत नाही, त्यात तुमचा सामायिक हेतू असला पाहिजे. तरी दिसला की काढून टाका, तो अधिकार तुमच्याकडे आहे.

दुसऱ्याबद्दल. हरवलेल्या मुलाचा फोटो पोलिसांनी प्रसिद्ध केला असेल तर तोच, त्यांच्या क्रमांकासह पाठवा. वडिलांचा नंबर कधीच नाही. मूल सापडलं की ज्या ज्या ठिकाणी पाठवलात तिथे तिथे ‘सापडली, फोटो काढून टाका’ असं पाठवा. आणि त्या मुलीवर काही अत्याचार झाला असेल किंवा ती कुठल्या गुन्ह्यात पीडित वा साक्षीदार असेल, तर तिचं नाव, फोटो, शाळा उघड करणं हा गुन्हा आहे. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पॉक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, वेगळी शिक्षा. हेतू चांगला होता हे तिथे चालत नाही.

तिच्या वडिलांना सायबर पोलीस ठाण्यात साधा अर्ज द्यायला सांगा. पोस्ट ज्या पेजवर आहेत त्यांचे दुवे आणि तारखा लिहून न्या. लिहायला अडचण आली तर इथे निरोप ठेवा, मी मसुदा करून देतो.


फुलेवाडीची_बाई

उचगावच्या ताई, तिच्या वर्गशिक्षिकेशी माझं बोलणं करून द्याल का? चिडवण्याचं शाळेतच मिटवता येईल, त्याला अर्ज लागत नाही. मी शनिवारी दुपारनंतर मोकळी आहे.